बांगडीतली फुली

आई,

सगळ्यात आधी अक्षराची माफी मागते. चौथीनंतर पेन हातात धरलं ते किराणाच्या यादीपुरतं. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, आणि ओळ डावीकडे सुरू केली की उजवीकडे पोचेपर्यंत खाली उतरते. तुम्हाला वाचता येत नव्हतं, म्हणून चुका सापडणार नाहीत. पण ओळ कलली आहे हे तुम्ही लांबूनच बघितलं असतं आणि म्हणाला असता, "रंजे, तुझी बंदुकीची नळी खाली चाललीय."

तुम्हाला जाऊन बेचाळीस दिवस झाले. लोक येऊन तुमच्याबद्दल चांगलं चांगलं बोलून गेले. कष्टाळू होत्या, देवभोळ्या होत्या. मी चहा देत होते आणि मनात म्हणत होते, देवभोळ्या? देवळात जाताना चपला कुणी चोरू नये म्हणून पिशवीत घालून आत नेणारी बाई देवभोळी? पण मी बोलले नाही. चार माणसांत माझं तोंड उघडत नाही हे तुम्हाला माहीत आहे. म्हणून ही वही. छर्ऱ्यांच्या डब्याखाली ठेवते, तिथं कुणी हात घालत नाही.

रडायचं ते रडून झालं. आता भांडायचं आहे. आपलं भांडण अर्धं टाकून गेलात, हे मला पटलेलं नाही.

मी लग्न होऊन आले तेव्हा किनाऱ्यावरचा फुगे फोडायचा स्टॉल तुम्ही एकट्या चालवत होता. लाकडी फळी, तिच्यावर फुग्यांच्या रांगा, तीन बंदुका. तुम्ही ओरडायचात, "या साहेब, या म्याडम, बायकोसमोर इज्जत राखा!" आणि मी मागे बसून फुगे फुगवायचे. पहिली दोन वर्षं मी गिऱ्हाइकाकडे मान वर करून बघितलंसुद्धा नाही. पण सकाळी माणसं यायच्या आधी तुम्ही मला प्रत्येक बंदुकीचा स्वभाव शिकवलात. काळी चार बोटं उजवीकडे मारते. दोरी बांधलेली खाली मारते. तिसरी सरळ, म्हणून ती लहान पोरांना द्यायची. आणि एक नियम: नळीवरच्या नेमाच्या काट्याला हात लावायचा नाही. काटा सरळ केला की बंदूक नवीन होते, आणि नवीन बंदूक आपल्याला ओळखत नाही. मी ते देववाक्य धरून बसले. त्यानंच पुढे माझा घात केला.

पेणचे सर स्टॉलवर आले तो दिवस आठवतो का? टोपीवाले, पोट सुटलेले. दहापैकी तीन फुगे फोडले आणि हसत म्हणाले, "मावशी, बंदूक वाकडी आहे तुमची." तुम्ही म्हणालात, "बंदूक न्हाय वाकडी. रंजे, दाव गो." मी मान खाली घालून उठले, त्याच बंदुकीनं दहाच्या दहा फोडले आणि परत जाऊन बसले. सरांचं हसू थांबलं. ते म्हणाले, पेणला आमचा छर्ऱ्यांच्या बंदुकीचा क्लब आहे, त्याच्या स्पर्धा असतात. आमराईत पत्र्याची छोटी पाखरं लावलेली असतात, कुठं जवळ, कुठं लांब. पाखराच्या छातीत रुपयाएवढं भोक. छर्रा भोकातून गेला तरच पाखरू पडतं. बंदुकीवर दुर्बीण असते. याल का?

मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तोवर तुम्ही म्हणालात, "येईल. जेवण देता का?"

पहिल्या स्पर्धेची आठवण काढली की अजून कान गरम होतात. सगळे पुरुष, खिसेच खिसे असलेल्या पँटी. मी नऊवारी नाही तरी साडीच, आणि तुम्ही आंब्याखाली डबा घेऊन बसलेल्या. सरांनी त्यांची जुनी बंदूक दिली. पंधरा पावलांवरच्या फळीवर चार छर्रे मारून बघितले, तर चारही चार बोटं डावीकडे. सर म्हणाले, "थांबा, दुर्बिणीचा स्क्रू फिरवून सरळ करतो." मी एवढ्या जोरात मान हलवली की ते मागे सरले. काट्याला हात लावायचा नाही! चार बोटं डावीकडे मारते ना, मग चार बोटं उजवीकडे धरायची. बंदूक कळली की झालं. मला वाटलं मी त्यांच्यापेक्षा शहाणी.

फळीएवढ्या अंतरावरची पाखरं पडली. लांबचं एकही पडलं नाही. मी चार बोटं धरत होते, छर्रा वीतभर लांबून जात होता. शेवटचा नंबर आला. येताना एसटीत मी खिडकीकडे तोंड करून बसले आणि तुम्ही डब्यातली उरलेली सुकट भाकरीबरोबर खात होता. मला वाटलं, आता बोलतील. तुम्ही म्हणालात, "जेवण चांगलं व्हतं त्यांचं. पण मीठ कमी."

दुसऱ्या दिवशी ओहोटीला मला वाळूवर उभं केलंत.

"हात लांब कर. एक बोट उभं धर. एक डोळा मीट. त्या खुंट्यावर धर. काय लपलं?"

"खुंटा."

"आता तिकडं लांब त्या होडीवर. काय लपलं?"

"अख्खी होडी, आई."

"बोट मोठं झालं का?"

"नाही."

"मग? लांब गेलं की त्याच बोटामागं जास्त मावतं. तू बोटं पाखरावर मोजलीस, येडे. बोटं डोळ्यापाशी मोजायची. माझा बाप असाच सूर्य मोजायचा, दर्यावर. पाण्यापासून चार बोटं वर हाय, म्हणजे घरी पोचायला वेळ हाय. त्यानं काय सूर्यापाशी जाऊन बोटं लावली व्हती?"

सरांनी अर्धा तास समजावलं असतं तरी मला कळलं नसतं ते तुम्ही होडी लपवून कळवलंत. दुर्बिणीच्या काचेत जी फुली असते, तिच्या आडव्या-उभ्या रेघांवर बारीक खुणा असतात. त्या खुणा म्हणजे लांब केलेल्या हातावरची बोटं. बंदूक बाजूला मारत असेल तर जवळच्या पाखराला दोन खुणा, आणि लांबच्यालाही दोनच. मी त्या रात्री झोपले नाही असं नाही, छान झोपले. पण सकाळी उठले ती हे ठरवूनच, की मला स्वतःची दुर्बीण पाहिजे आणि तिच्यातली फुली मीच निवडणार.

तिथून आपलं भांडण सुरू झालं.

सरांनी मोबाइलवर फुल्यांची चित्रं पाठवली होती. वीस-पंचवीस प्रकार, खाली सगळं इंग्रजी. तुम्ही म्हणालात, "चित्रात बघून मासा घेतात का?" आणि माझ्या हातातल्या प्लास्टिकच्या तीन बांगड्या मागितल्या. तुमच्या स्वतःच्या हातात बांगड्या नव्हत्या. जाळ्याचा नायलॉनचा दोरा घेतलात, आणि बांगडीच्या आत उभा-आडवा ताणून बांधलात. पहिल्या बांगडीत नुसती बारीक फुली. दुसरीत चारही बाजूंनी जाड दोरा, मध्ये येता येता बारीक. तिसरीत बारीक दोऱ्याला मी सारख्या अंतरावर गाठी मारल्या, उभ्या दोऱ्याला खाली सहा, आडव्याला दोन्हीकडे चार-चार. एक गाठ जरा मोठी झाली तर तुम्ही सोडवून परत मारायला लावलीत. मग त्या तिन्ही बांगड्या स्टॉलच्या बांबूला टांगून आपण हातभर मागे उभं राहायचो आणि आतून बघायचो. फुगे, होड्या, सुरूच्या बनात बांधलेल्या उंटाची मान. लोक विचारायचे, विकायला आहेत का? तुम्ही एकाला सांगितलंत, "दृष्ट लागू नये म्हणून हायत." त्यानं एक घेतली असती.

पहिली बांगडी आपण दोघींनी लगेच नापास केली. दुसरीवर तुम्ही अडलात आणि तिसरीवर मी.

"इतक्या गाठी कशाला? जितक्या गाठी तितक्या शंका. पाखरू बघशील का गाठी मोजशील?"

"छर्रा लांब गेला की खाली येतो, आई. किती खाली ते मोजायला गाठ पाहिजे."

"अंदाज घ्यायचा."

"तुमचा अंदाज चाळीस वर्षांचा आहे. मला अंदाज घ्यायचा धीर नाही. मला खूण पाहिजे."

हे मी तुम्हाला तोंडावर बोलले. लग्नाला एकोणीस वर्षं झाल्यावर पहिल्यांदा. तुम्ही म्हणालात, "बोलतेस की गो. मला वाटलं मुकी आणली." आणि मग तिसरी बांगडी उचलून सुरूच्या सावलीत नेलीत. "आता बघ. सावलीत तुझा बारीक दोरा दिसतो का? काळ्यावर काळं. माझी जाड फुली बघ, चारही कोपऱ्यांतून डोळ्याला हात धरून मध्ये आणते."

दोरा दिसत नव्हता. पण मी म्हटलं, "पाखरं काय सगळी सावलीत बसत नाहीत." तुम्ही म्हणालात, "पाखरं सावलीतच बसतात."

आठ दिवस तुम्ही माझ्याशी फक्त कामापुरतं बोललात.

आणि मग एका रविवारी भिशी चालवणाऱ्या कमळाकाकूच्या ओटीवरून आलात आणि कमरेची पिशवी माझ्या पुढ्यात टाकलीत. भिशीत तुमचा नंबर लागला होता. चोवीस बायकांचे पैसे. "दुर्बीण आण. उसने देतेय, आंदण न्हाय. पुढचे हप्ते तू भरायचे, बंदुकीच्या कमाईतून. भाजीतले वाचवून न्हाय."

"आणि फुली?"

"पैसे माझे. डोळा तुझा."

एवढंच. त्या दोन वाक्यांत मला जे मिळालं ते आजपर्यंत कुणी दिलं नव्हतं, आणि मी तेव्हा नुसती मान हलवली. थँक्यू म्हणायचं आपल्याकडे नसतं, पण दुसरं काहीतरी असतं, तेही मी म्हटलं नाही. भाऊजी मात्र म्हणाले. तुमचा थोरला ओट्यावर उभा राहून सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाला, "भिशीच्या पैशात बायका फ्रीज आणतात, मिक्सर आणतात. हिला बंदुकीची दुर्बीण! म्हातारीला येड लागलंय." तुम्ही आतून ओरडलात, "फ्रीजनं पाखरू पडतं का रे?"

मी गाठीवाली फुली घेतली. मांडव्याहून लाँचनं मुंबईला जाऊन, दुकानात सातआठ दुर्बिणी डोळ्याला लावून. दुकानदार सर्वांत जास्त खुणांची दाखवत होता, खाली झाडासारख्या पसरत गेलेल्या ठिपक्यांची. मी तीही नको म्हटलं. मला माझ्या बांगडीतली पाहिजे होती, खाली सहा, बाजूला चार-चार. तशी मिळाली. घरी आल्यावर कळलं की पाखरू मोठं दिसायला दुर्बिणीवरचं कडं फिरवलं तर फुली तेवढीच राहते आणि खुणांचं माप चुकतं. म्हणून मी कडं एका जागी ठेवून त्यावर लाल नेलपॉलिशची रेघ मारली. तुम्ही म्हणालात, "लगीन लावलंस तिचं." आणि सरांनी त्यांची जुनी बंदूक माझ्याकडेच ठेवली, स्क्रू फिरवून दुर्बीण तिच्यावर सरळ लावून दिली, तेव्हा तुम्ही विचारलंत, "काट्याला हात लावलास?"

"लावला."

तुम्ही तोंड फिरवलंत. पण दुपारी मी आत असताना तुम्ही बंदूक उचलून दुर्बिणीला डोळा लावून बघत होता, मी दारातून बघितलं. बराच वेळ बघितलंत. काय दिसलं ते विचारायचं राहिलं.

त्यानंतर तुमची छाती भरायला लागली. दवाखान्यात शेवटच्या संध्याकाळी तुमच्या नाकात नळी होती. मी पाय दाबत होते. तुम्ही खुणेनं जवळ बोलावलंत. मला वाटलं, काहीतरी सांगतील, माझ्या नवऱ्याला, तुमच्या धाकट्याला सांभाळ, असं काही. तुम्ही म्हणालात, "सावलीत... काय करशील?" मी म्हटलं, "आता झोपा, आई." हे मी काय बोलले! एवढं चांगलं भांडण तुम्ही काढलं होतं आणि मी तुम्हाला झोपा म्हटलं. तुम्ही ऐकलंत, परत डोळे उघडले नाहीत, तेच मोठं चुकलं.

तेराव्याला जेवणं उरकल्यावर भाऊजींनी विषय काढला. भिशीचे सहा हप्ते बाकी. दुर्बीण विकू, एक रिसॉर्टवाला घेतोय, बाकी मिटवून टाकू, आईच्या नावावर उधारी नको. ऐकायला किती सरळ. कमळाकाकूही होती, ती पान लावत म्हणाली, "रंजना काय बोलायची न्हाय, तुमीच ठरवा." धाकटा, तुमचा, न्हावा शेव्याहून तीन दिवसांची रजा काढून आला होता. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि दरवाजातून उठून बाजूला बसला, म्हणजे मी दिसेन.

मी म्हटलं, "विकायची न्हाय."

"मग हप्ते कोण भरणार?"

"मीच भरायचे ठरलेत. आईंशी."

"आई गेली."

"बोली न्हाय गेली."

कमळाकाकूचं पान हातातच राहिलं.

विसाव्या दिवशी पेणची स्पर्धा होती. आळीत म्हणाले, सासूला जाऊन महिना नाही झाला, हिला बंदूक सुचतेय. हो, सुचली. तुम्ही असतात तर तुम्हीही डबा भरून निघाला असतात. मी एकटी एसटीनं गेले. आंब्याखाली तुमच्या जागी पिशवी ठेवली, कुणी बसू नये म्हणून.

गाठींनी काम केलं, आई. लांबच्या पाखरांना मी तिसरी खूण, चौथी खूण धरत गेले, आणि ती पडत गेली. प्रत्येक पडण्याला मी मनात म्हणत होते, बघा. बघा. अंदाज नाही, खूण. आणि मग शेवटचं पाखरू. आमराईच्या पार आत, दाट सावलीत, काळ्या रंगाचा कावळा. दुर्बिणीला डोळा लावला आणि फुली गेली. काळ्यावर काळं. जशी बांगडीत गेली होती तशीच.

मग मला तुमचाच आवाज आला, दवाखान्यातला. सावलीत काय करशील? मी बंदूक हलवून कावळ्याशेजारच्या वाळक्या गवतावर नेली. तिथं ऊन पडलं होतं, तिथं फुली स्वच्छ दिसली. चौथी खूण कुठं येते ते बघितलं, गवताच्या एका काडीवर ती टेकवली, श्वास अर्धा सोडला आणि हळूच, खूण नजरेतून न सोडता, बंदूक बाजूला सरकवली. फुली दिसत नव्हती. पण कुठं आहे ते मला माहीत होतं.

कावळा पडला. टणकन आवाज आला.

माझा चौथा नंबर आला. बक्षीस तिघांनाच असतं. मी आंब्याखाली जाऊन पिशवीशेजारी बसले आणि मोठ्यानं बोलले, लोकांनी बघितलं तरी, "तुम्ही अर्ध्या बरोबर होतात. अर्ध्याच." सावलीचं तुमचं खरं. पण तुमच्या बांगडीनं लांबची पाच पाखरं पडली नसती. हे मी कुणासमोरही सांगेन, तुमच्यासमोर तर आधी. तुम्ही मेलात म्हणून मी तुमची फुली बरोबर होती असं म्हणणार नाही. मेलेल्या माणसाला सगळं पटवून टाकायचं असतं, असं लोक करतात. मी करणार नाही. तुम्हाला ते आवडलं नसतं.

मग राहिले हप्ते. स्टॉलवर माणसं येईनात, कारण ओरडणारं कुणी नव्हतं. मी तोंड उघडायचे, आवाज यायचा नाही. तीन दिवस फुगे तसेच सुकले. चौथ्या दिवशी मी खोक्याचा पुठ्ठा कापला आणि माझ्या या वाकड्या अक्षरात लिहिलं: माझ्याशी खेळा. जिंकलात तर फुकट. हरलात तर दुप्पट. गिऱ्हाइकाला सरळ मारणारी बंदूक, मला काळी, चार बोटं उजवीकडे मारणारी. काट्याला हात न लावता, तुमच्या नियमानं. आणि मी काही बोलायचं नाही, नुसतं मारायचं. पहिल्या दिवशी दोन कॉलेजची पोरं आली आणि हरली, मग त्यांनी बाकीच्यांना आणलं. मागून बायका यायला लागल्या, नवरा हरताना बघायला. पुढे चौलच्या जत्रेत पाच दिवस तर परत रजा काढायला लावून धाकट्याला फुगे फुगवायला बसवलं. तो म्हणाला, "आई असती तर म्हणाली असती, माझं तोंड गेलं आणि हिचं आलं." मी म्हटलं, तोंड नाही, पुठ्ठा.

आज रविवार. दुपारी कमळाकाकूच्या ओटीवर भिशी होती. मी एक हप्ता नाही, सहाच्या सहा तिच्या पुढ्यात ठेवले. दहा, वीस, पन्नासच्या नोटा, वाळू लागलेल्या. सगळ्या बायका बघत होत्या. कमळाकाकू म्हणाली, "एवढी घाई कसली गो? महिन्याच्या महिन्याला दिले असतेस."

"मोजा," मी म्हटलं.

तिनं मोजले. दोनदा मोजले. मग वही काढली. तुमच्या नावापुढे तुमचा अंगठा होता, निळा, जरा फिसकटलेला. तिनं पेन उचललं आणि विचारलं, "हिचं नाव खोडू?"

"खोडू नका. पुढे लिहा."

"काय लिहू?"

तिला लिहायला सांगणार होते, पण पेन मीच घेतलं. ओळ उजवीकडे जाता जाता खाली गेली, तुमच्या अंगठ्याला लागली. ऱ्हस्व आहे की दीर्घ, मी विचारलं नाही.

सगळे हप्ते फिटले.